वरचं दूध आणि आईचा धर्म

कार्तिकेयाला कृत्तिकांनी पाजलं, म्हणून पार्वतीचं आईपण कुणी नाकारलं नाही. उलट पूतनेनं अंगावरचंच पाजलं होतं! तरीही डॉक्टरांनी बाळाला वरचं दूध सांगितलं की प्रसूतिकक्षात कुजबुज सुरू होते. आईचं दूध श्रेष्ठ, हा आक्षेप खराच. कंपन्यांच्या जाहिरातींना रोखणारा १९९२चा कायदाही हवाच. पण आईला दूध उतरेपर्यंत, गरज असताना, बाळाला उपाशी ठेवण्यात कसलं पुण्य? माझ्या मते इथे धर्म शुचितेत आहे, आणि ती सोवळ्याहून कडक. वरच्या दुधाची पावडर निर्जंतुक नसते. उकळलेलं पाणी ७० अंशांखाली जाण्याआधीच ती कालवायची, मग निववून पाजायची. तयार द्रवरूप दूध बंद बाटलीत निर्जंतुक असतं, पण बाळानं तोंड लावल्यावर तासाभरात उरलेलं ओतून द्यायचं.