चोराची जात, फौजदाराची जात

(लातूर. नांदेडहून आलेल्या भाचीची पटकथा मामांनी नुकतीच वाचून संपवली आहे.)

मामा : तुझ्या सिनेमातला चोर कोणत्या जातीचा, पोरी?

भाची : मुद्दामच लिहिलं नाही, मामा. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो रद्द झाला, तरी लोकांच्या मनातून गेला का? मी पुन्हा तोच शिक्का कशाला मारू?

मामा : पण चोरी झाल्याबरोबर फौजदार त्याच्याच पालावर का जातो, हे मग प्रेक्षकाला कळणार कसं?

भाची : तिथंच अडलंय. सांगितलं तर बदनामी, लपवलं तर अन्यायच दिसत नाही.

मामा : आपल्याच जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी लपवलं नाही. समाजाचं नावच पुस्तकाला दिलं : ‘उचल्या’. १९८८ साली त्याला साहित्य अकादमी मिळाली. त्यात चोरी आहे, तशी भूक आहे, पोलिसांचा मारही आहे.

भाची : ते त्यांनी भोगलेलं. मी बाहेरची.

मामा : मग बाहेरच्यानं लिहूच नये?

भाची : तसंही नाही. ‘द नाइल हिल्टन इन्सिडेंट’ हा २०१७चा सिनेमा बघा. कैरोच्या हॉटेलात गायिकेचा खून होतो आणि साक्षीदार असते खोल्या साफ करणारी सुदानी मुलगी. दिग्दर्शक तारिक सालेह स्वीडनचे. इजिप्तमध्ये चित्रीकरण करू दिलं नाही, म्हणून त्यांनी कॅसाब्लांकात कैरो उभं केलं. पण त्या मुलीचं काम सुदानमधून निर्वासित झालेल्या मारी मालेकनं केलंय.

मामा : आणि गोष्ट कुणाची?

भाची : पोलीस अधिकाऱ्याची.

मामा : बघ. काम मिळालं म्हणजे गोष्ट तिची झाली असं नाही. त्या समाजाचे चार चेहरे घेतलेस, तरी तुझं काम भागणार नाही.

भाची : मग करू काय?

मामा : आपल्याकडं जात चिकटते ती आरोपीला. फौजदार, सराफ, पुढारी ही नुसती माणसं असतात. चोराची जात सांगणार असशील, तर ज्याच्या एका फोनवर त्याला उचलतात त्याचीही सांग.

भाची : सगळेच चिडतील.

मामा : चिडू देत. आजवर एकाच समाजानं सोसलं, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आणि चित्रीकरणाआधी पटकथा त्या वस्तीवर वाचून दाखव.

भाची : ते गोष्टच नको म्हणाले तर?

मामा : तर त्यांच्यासमोर बसून वाद घाल. पटवता आलं नाही, तर तो चोर तुझ्या सिनेमात नको.

भाची : म्हणजे सिनेमाच राहिला!

मामा : राहू दे. एक सिनेमा कमी झाल्यानं कुणाला कोठडीत जावं लागत नाही. एका शिक्क्यानं जावं लागतं.