शुद्धी कोणाच्या श्रमाने?



श्री वाघेश्वराच्या दर्शनास येण्यापूर्वी आपण स्नान करतो, स्वच्छ वस्त्रे नेसतो. देवापुढे शुद्ध होऊन उभे राहावे, हा त्यामागील भाव. पूजा आटोपल्यावर मात्र उदबत्तीचे वेष्टन, पेढ्यांचा खोका आणि हारफुले एकाच पिशवीत कोंबून टाकली जातात. घरीही दुधाच्या पिशव्या खरकट्यातच जातात. आपले घर स्वच्छ होते. पण अस्वच्छता नाहीशी झाली, की केवळ दुसऱ्याच्या दारी गेली?

याचे उत्तर आपल्याच हवेली तालुक्यात आहे. उरुळी देवाची व फुरसुंगी येथे पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला गेला. तेथील ग्रामस्थांनी दुर्गंधी सोसली, विहिरींचे पाणी बिघडले, वारंवार आंदोलने करावी लागली. २०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. आता त्या शहराच्या उत्तरदायित्वात आपलाही वाटा आहे.

दुसरा प्रश्न कचरा वेचणाऱ्या हातांचा. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. कचरा घरीच वेगळा केला जावा, हा तिचा आग्रह राहिला आहे. कोरडा पुठ्ठा विकला जातो व त्यापासून पुन्हा कागद होतो. तोच खरकट्यात भिजला की कवडीमोल ठरतो. म्हणजे आपल्या क्षणभराच्या आळसाने एका कष्टकरी भगिनीची कमाई बुडते आणि तिचे हात घाणीत जातात.

"त्याचे पैसे आम्ही देतोच," असे कोणी म्हणेल. पैशाने श्रम मिळतात. दुसऱ्याचा अवमान करण्याचा अधिकार मिळत नाही. गाडगेबाबा दिवसा स्वतः खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आपली घाण दुसऱ्यावर न लोटणे हाही धर्मच, हे त्यांनी आचरणातून शिकविले.

म्हणून ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा. दुधाची पिशवी धुऊन वाळवावी. तिचा कोपरा पूर्ण कापू नये, कारण तो इवला तुकडा सहसा वेचला जात नाही. बिस्किटांच्या चकाकत्या वेष्टनांचा पुनर्वापर कठीण असल्याने त्यांची खरेदीच कमी करावी. निर्माल्यातून दोरा व प्लॅस्टिक आधी काढावे.

आपली शुद्धी दुसऱ्याच्या अशुद्धीवर उभी नसावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.