माफी मागणाऱ्याचा मान



द्वंद्वयुद्ध हा शब्द आज आपण इतिहासाच्या पुस्तकातच वाचतो. पण दोनशे वर्षांपूर्वी युरोपातील सरदार-उमरावांत, आणि त्यांचे पाहून वकील व लष्करी अधिकाऱ्यांतही, ती प्रतिष्ठेची रीत होती. कोणी अपमान केला की आव्हान द्यायचे, साक्षीदार घेऊन माळावर जायचे आणि ठरल्या अंतरावरून एकमेकांवर पिस्तूल झाडायचे. आव्हान नाकारणारा भित्रा ठरे. त्याला चारचौघांत तोंड दाखवणे कठीण होई.

डॅनियल ओकॉनेल हे आयर्लंडमधील कॅथलिकांचे थोर पुढारी. १८२९ साली कॅथलिकांना ब्रिटिश संसदेची दारे उघडली, ती मुख्यतः त्यांच्या चळवळीमुळे. जानेवारी १८१५ मध्ये एका भाषणात त्यांनी डब्लिनच्या नगरपालिकेला ‘भिकारडी’ म्हटले. जॉन डेस्टेर नावाच्या सदस्याला ते झोंबले. पत्रापत्री झाली, आव्हान आले. १ फेब्रुवारी रोजी किल्डेअर परगण्यात दोघे समोरासमोर उभे राहिले. डेस्टेर यांची गोळी चुकली. ओकॉनेल यांची गोळी त्यांच्या कमरेखाली लागली आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

ओकॉनेल यांना ही गोष्ट आयुष्यभर सलत राहिली. डेस्टेर यांच्या विधवेने त्यांची मदत नाकारली. पण मुलीसाठी देऊ केलेले वर्षासन स्वीकारले. १८४७ साली मरण येईपर्यंत त्यांनी ते चालू ठेवले. ख्रिस्तप्रसाद घ्यायला जाताना ते उजव्या हातात मोजा घालत, असे सांगतात. माणूस मारलेला हात उघडा घेऊन वेदीपुढे जाणे त्यांना जमत नसे.

पण मनुष्याचे परिवर्तन एका रात्रीत होत नाही. त्याच वर्षी त्यांनी रॉबर्ट पील यांच्याशीही द्वंद्व करण्याचे मान्य केले होते. वाटेत लंडनला अटक झाली म्हणून ते टळले. पुढे त्यांनी पुन्हा शस्त्र न उचलण्याची शपथ घेतली आणि पाळली. जीभ मात्र आवरली नाही. १८३५ साली लॉर्ड अल्व्हन्ली यांना त्यांनी विदूषक म्हटले, आणि वडिलांच्या शपथेमुळे मैदानात उतरावे लागले ते मुलाला, मॉर्गनला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

असा श्रद्धावान माणूस १८१५ साली मैदानात का गेला? ख्रिस्तसभेची शिकवण त्याला ठाऊक नव्हती असे नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ सालीच द्वंद्व करणाऱ्यांना, त्यांच्या साक्षीदारांना, एवढेच नव्हे तर बघ्यांनाही धर्मबहिष्कृत ठरवले होते. तरीही पोप लिओ तेरावे यांना १८९१ साली पुन्हा त्याच विषयावर पत्र लिहावे लागले. कारण पिस्तुलापुढे उभे राहण्याचे धैर्य पुष्कळांत होते, लोकांच्या कुजबुजीपुढे उभे राहण्याचे थोड्यांतच.

ॲरिस्टॉटलने फार पूर्वी दाखवून दिले की मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो. मग प्रश्न फक्त भांडणाऱ्या दोघांचा राहत नाही. मान देणारे आपण कशाला मान देतो, हाही प्रश्न येतो. ट्रेंटच्या धर्मपित्यांनी बघ्यांना का धरले, ते येथे कळते.

इंग्लंडमध्ये ही रीत मागे पडली, तीही लोकांची नजर बदलल्यामुळे. १८४३ साली लंडनमध्ये कर्नल फॉसेट यांना त्यांच्याच साडूने द्वंद्वात ठार केले. लोक हळहळले, संतापले. दुसऱ्या वर्षी लष्कराच्या नियमांत दुरुस्ती झाली: झालेल्या चुकीबद्दल माफी मागणे आणि ती स्वीकारणे हे सन्माननीय माणसाला शोभणारेच आहे, असे त्यात म्हटले गेले. जे नामुष्कीचे होते ते शोभेचे ठरले.

आपल्यात पिस्तुले नाहीत. पण बांधाच्या हद्दीवरून, घराच्या वाट्यावरून, लग्नातल्या मानपानावरून वर्षानुवर्षे न बोलणारी भावंडे आहेत. एखाद्याला समेट करावासा वाटला, तर “तूच का आधी जायचं?” असे विचारणारे कोण असतात? आणि तो गेलाच, तर “शेवटी नमला” असे कोण म्हणते? आपणच. बघे आपणच असतो.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू खुनाविषयी बोलता बोलता भावाला उच्चारलेल्या अपशब्दाकडे वळतो, आणि अर्पण वेदीजवळ ठेवून आधी समेट करायला पाठवतो. आजच्या मिस्सामध्ये शांतीची खूण देताना आपण शेजारच्या बाकाकडे वळू. आपल्यापैकी काहींना खरे तर मंदिराच्या दुसऱ्या टोकाला जायचे आहे. ते जमले नाही, तर निदान कोणी जात असेल त्याला हसू नये, आणि परत आल्यावर त्याला मानाने जवळ बसवून घ्यावे.

प्रभू आपणांस शांती देवो.

आपले धर्मगुरू