विश्वस्ताने जाब कोणाला द्यावा?

ब्रिटनमधील हाउसिंग असोसिएशन, म्हणजे नफा न वाटता माफक भाड्याने घरे देणाऱ्या संस्था, महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांहून मुळातच वेगळ्या आहेत. येथे सदनिकाधारक हाच सभासद असतो, तर तेथे राहणारा बहुधा केवळ भाडेकरू असतो आणि कारभार संचालक मंडळ पाहते. जॉर्ज पीबॉडी या अमेरिकी धनिकाने १८६२ मध्ये लंडनच्या गरिबांसाठी दिलेल्या देणगीसारख्या व्हिक्टोरियाकालीन दानधर्मात या परंपरेची मुळे आहेत; पुढे १९७४ च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी अनुदानाचा मोठा ओघ सुरू झाला आणि १९८८ च्या कायद्यानंतर त्यात खासगी कर्जाची भर पडली.

दान, कर आणि कर्ज यांतून उभी राहिलेली ही मालमत्ता नेमकी कोणाची, याचे उत्तर विचारणाऱ्यागणिक बदलत गेले. भाडेकरूला घराबाहेर काढणे हे अशा संस्थेचे सार्वजनिक स्वरूपाचे कार्य ठरू शकते, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये एका खटल्यात म्हटले. २०१५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंडमधील या संस्था सार्वजनिक क्षेत्रात धरल्या, त्यामुळे त्यांचे प्रचंड कर्ज सरकारी खात्यात दिसू लागले, आणि सरकारने नियंत्रणे सैल करताच २०१७ मध्ये त्याच संस्था पुन्हा खासगी ठरल्या. भाडेकरूच्या दृष्टीने या उलथापालथीत काहीच घडले नव्हते.

सत्ता हा लोकांनी सोपवलेला विश्वास आहे, तो मोडला की नाही हे लोकांनीच ठरवावे, असे जॉन लॉकने मांडले. त्याच्या विचारात विश्वास टाकणारे आणि ज्यांच्या हितासाठी तो टाकला जातो ते, दोन्ही लोकच असतात. गृहसंस्थेत मात्र हे दोघे वेगळे पडतात, आणि हिशेब स्वाभाविकपणे पैसा देणाऱ्याकडे जातो. इंग्लंडच्या नियामक व्यवस्थेने हा कल कायद्यातच उतरवला होता. आर्थिक सुस्थिती व प्रशासन यांची तपासणी नियमित होत असे, परंतु घराच्या अवस्थेबाबत नियामकाने हात घालावा यासाठी भाडेकरूंना 'गंभीर हानी' झाल्याची वा होण्याची शक्यता दिसावी लागे. अशा रचनेत निर्दोष ताळेबंद आणि बुरशीने काळी पडलेली भिंत एकाच संस्थेत सुखाने नांदू शकतात.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांच्या अवाब इशाकचा मृत्यू झाला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्काने जडलेल्या श्वसनविकारामुळे तो ओढवला, असा निष्कर्ष चौकशीत २०२२ मध्ये निघाला. बुरशीची तक्रार त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच केली होती, तेव्हा त्यांना तिच्यावर रंग मारण्यास सांगण्यात आले. घर ज्या संस्थेचे होते, ती भाडेकरू व कर्मचारी यांच्या सहमालकीची म्हणून नावाजलेली होती; सभासदत्व दिले की उत्तरदायित्व आपोआप येते, या सहकारप्रेमी समजुतीला याहून कठोर छेद देणारे उदाहरण मिळणे अवघड आहे. सभासदाला वर्षातून एकदा मत देता येते, पण तक्रारदाराला हवे असते ते त्याच्या घराविषयीचे, त्याला उद्देशून दिलेले कारण. न पटलेले दुकान गिऱ्हाईक बदलू शकते. निघून जाण्याची ही वाट, जिचे विश्लेषण आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये केले, अनुदानित घरातील कुटुंबाला जवळपास बंद असते, म्हणून त्याच्या तक्रारीचे नैतिक वजन अधिक ठरते.

यावर अधिक निर्देशांक व अधिक अहवाल हा उपाय सहज सुचतो. तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी बीबीसीवरील २००२ च्या रीथ व्याख्यानांत त्याविषयीच सावध केले होते, कारण मोजमापांचा भार वाढला की संस्था लाभार्थीपेक्षा तपासनिसाकडे पाहू लागते. २०२३ च्या कायद्याने 'गंभीर हानी'ची अट काढली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून अवाबच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांनुसार मोठ्या धोक्याची चौकशी १० कामकाजी दिवसांत करून, ती संपल्यावर ३ कामकाजी दिवसांत भाडेकरूला लेखी निष्कर्ष द्यावा लागतो. मोजमापाच्या तक्त्यांहून हा लेखी कागद मोलाचा आहे, कारण तो योग्य माणसाच्या हाती पडतो. तरीही दुरुस्तीवर खर्च झालेला पौंड नव्या घरासाठी उरत नाही, आणि प्रतीक्षायादीतील कुटुंब ना सभासद असते ना भाडेकरू. त्याला जाब देण्याची सोय यांपैकी कोणत्याही कायद्यात नाही.