उपकारापलीकडचा शेजारधर्म

सर्व सार्वभौम राष्ट्रे समान आहेत हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे मूलतत्त्व असले, तरी भूगोल आणि लोकसंख्या यांना ही समानता ठाऊक नसते. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे गेली आहे, तर मालदीवची पाच लाखांच्या आसपास आहे; मालदीवच्या सुमारे १,२०० प्रवाळबेटांची जमीन एकत्र केली, तरी ती ३०० चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी भरते. मात्र या देशाचे ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’, म्हणजे ज्या समुद्रातील संपत्तीवर किनारी राष्ट्राचा एकट्याचा हक्क मानला जातो तो टापू, सुमारे ९ लाख चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या जवळपास तिप्पट आहे, आणि आखातातून पूर्व आशियाकडे जाणारे जलमार्ग त्याच्या आसपासून जातात. जमिनीने चिमुकले आणि समुद्राने विशाल असलेले हे राष्ट्र भारताला महत्त्वाचे का वाटते, हे यातून उघड होते. परंतु या राष्ट्राला स्वतःविषयी काय वाटते, हा प्रश्न भारतातील चर्चेत फारच क्वचित विचारला जातो.

त्याचे उत्तर इतिहासात आहे. सोळाव्या शतकात, १५५८ ते १५७३ या काळात, पोर्तुगीजांनी राजधानी मालेवर ताबा ठेवला होता, आणि त्यांना हुसकावून लावणारा मुहम्मद ठाकुरुफानू आजही तेथील राष्ट्रवीर आहे. पुढे १८८७च्या कराराने मालदीव ब्रिटिशांचे ‘संरक्षित राज्य’ झाले, म्हणजे अंतर्गत कारभार सुलतानाकडे राहिला आणि परराष्ट्र व्यवहार परक्यांच्या हाती गेला. २६ जुलै १९६५ रोजी स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही दक्षिणेकडील गान बेटावरचा ब्रिटिश हवाई तळ १९७६पर्यंत कायम होता. तो रिकामा होताच सोव्हिएत संघाने ती जागा भाड्याने मागितली, तेव्हा पैशांची निकड असूनही मालदीवने नकार दिला. ज्या देशाकडे मोठे सैन्य नाही, पुरेशी शेती नाही आणि पायाखालची जमीनही समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहे, त्याच्याजवळ ‘आपल्या घरात कोणी यावे हे आपणच ठरवू’ एवढा अधिकार हेच खरे भांडवल असते, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या देशाच्या कोणत्याही निर्णयाचा अर्थ लागत नाही.

भारताने संकटकाळी केलेली मदत निर्विवाद आहे. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी श्रीलंकेतून आलेल्या भाडोत्री सशस्त्र टोळीने मालेत सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांच्या विनंतीवरून भारताचे छत्रीधारी सैनिक आग्र्याहून उड्डाण करून त्याच रात्री हुलहुले विमानतळावर उतरले. २००४च्या त्सुनामीनंतर भारताची मदत सर्वांत आधी पोहोचलेल्या मदतीत होती. डिसेंबर २०१४ मध्ये समुद्राचे पाणी पिण्यायोग्य करणाऱ्या मालेतील प्रकल्पाला आग लागून राजधानी तहानलेली राहिली, तेव्हा विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवले गेले. असे असताना २०२३ मध्ये ‘इंडिया आउट’ या घोषणेच्या बळावर मोहम्मद मुइझ्झू राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, याला कृतघ्नता म्हणणे सोपे आहे, पण त्या म्हणण्याने काहीच उलगडत नाही.

घटनांचा क्रम पाहिला, तर अविश्वासाची दोन कारणे हाती येतात. पहिले कारण म्हणजे देशाशी असलेले नाते एका पक्षाशी असलेल्या नात्यासारखे दिसू लागणे. राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्या काळात, २०१० मध्ये, एका भारतीय कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाला मिळालेले माले विमानतळाचे कंत्राट त्यांची सत्ता गेल्यावर, २०१२च्या अखेरीस, रद्द झाले. पुढच्याच वर्षी नशीद यांनी अटक टाळण्यासाठी भारतीय उच्चायुक्तालयात आश्रय घेतला, आणि व्यापारी व्यवहार, पक्षीय झगडा व राष्ट्राची प्रतिष्ठा यांची गल्लत झाली. दुसरे कारण म्हणजे गुप्तता. उथुरु थिला फाल्हू येथे मालदीवच्या तटरक्षक दलासाठी बंदर उभारण्याचा भारताशी करार २०२१ मध्ये झाला, परंतु त्याचा तपशील जनतेपुढे न आल्याने तो लष्करी तळ असल्याचा संशय फोफावला. त्यावर उत्तर म्हणून तत्कालीन राष्ट्राध्यक्ष इब्राहिम सोलिह यांच्या सरकारने एप्रिल २०२२ मध्ये भारतविरोधी मोहिमेवरच बंदी घातली, आणि त्या मोहिमेला हौतात्म्याचे तेज मिळाले. मालदीवमध्ये दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान चालवणारे, शंभराहूनही कमी भारतीय सैनिक हा मग निवडणुकीचा मुद्दा ठरला. मे २०२४ पर्यंत त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले, विमाने मात्र रुग्णांना मालेपर्यंत पोहोचवतच राहिली.

याच्या अगदी उलट उदाहरण १९८१च्या व्यापार कराराचे आहे. या करारान्वये भारत मालदीवला तांदूळ, पीठ, साखर, बटाटे, कांदे, अंडी अशा जीवनावश्यक वस्तूंचा ठरावीक कोटा पुरवतो. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांदा निर्यातीवर बंदी घातली, तिची झळ नाशिकच्या शेतकऱ्याने सोसली. ती बंदी लागू असतानाच, आणि दोन्ही सरकारांमधील कटुता टोकाला गेलेली असतानाच, एप्रिल २०२४ मध्ये मालदीवसाठीचा कोटा करार झाल्यापासूनच्या सर्वोच्च पातळीवर नेण्यात आला. या निर्णयावरून मालेत वादळ उठले नाही, कारण या व्यवहारात गणवेश नव्हता, गुपित नव्हते आणि त्याचा लाभ कोणत्याही एका पक्षाचा नव्हता.

इंद्रकुमार गुजराल यांनी परराष्ट्रमंत्री असताना, १९९६ मध्ये, मांडलेल्या सूत्रात मालदीवचे नाव स्पष्टपणे होते: लहान शेजाऱ्यांकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवता भारताने शक्य ते सद्भावनेने द्यावे. हे सूत्र आजही मोलाचे आहे, पण परतफेड म्हणजे केवळ पैसा नव्हे, हे त्यात जोडले पाहिजे. निष्ठेची अपेक्षा हीदेखील परतफेडच असते. मालदीवने चीनकडून पूल बांधून घेतला, २०२४ मध्ये त्याच्याशी संरक्षण सहकार्याचा करार केला, आणि त्याच वर्षी परकीय गंगाजळी आटताच भारताकडून ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदलीची सोय, म्हणजे मध्यवर्ती बँकेला तातडीने डॉलर मिळण्याची व्यवस्था, स्वीकारली. दोन बलाढ्य सत्तांच्या मधे असलेले छोटे राष्ट्र आपला वाव असाच राखते. हिंदी महासागरातील आपल्या सुरक्षेची चिंता भारताने अवश्य करावी आणि ती मालेला स्पष्ट शब्दांत सांगावी, परंतु प्रत्येक चिनी कंत्राटाला आपला पराभव मानू नये.

जुलै २०२५ मध्ये, मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी, भारताचे पंतप्रधान मुइझ्झू यांचेच पाहुणे होते आणि ४,८५० कोटी रुपयांची नवी कर्जसुविधा जाहीर झाली. दीड-पावणेदोन वर्षांत झालेला हा पालट दिलासा देणारा आहे, पण तो एका सरकारच्या गरजेवर उभा राहिला, तर पुढच्या निवडणुकीत पुन्हा कोसळेल. म्हणून करार तेथील संसदेपुढे मांडले जावेत असा आग्रह खुद्द भारताने धरावा, विरोधी पक्षाशी संवाद सत्ताधाऱ्यांइतकाच नियमित ठेवावा, आणि रुग्णालये, शिष्यवृत्त्या, अन्नपुरवठा यांसारखी कामे वादांपासून कटाक्षाने अलग राखावीत. मोठ्या देशाच्या सामर्थ्याची कसोटी तो शेजाऱ्याला किती वाकवू शकतो यात नसून, शेजाऱ्याने नकार दिल्यानंतरही तो किती विश्वासार्ह राहतो यात आहे; १९८१चा करार चार दशकांहून अधिक काळ या कसोटीला उतरला आहे, आणि भारताचे उर्वरित मालदीव धोरण त्याच पायावर उभे राहायला हवे.