‘अजिन’ पदाचा विचार

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील अकराव्या श्लोकात आसनाला ‘चैलाजिनकुशोत्तरम्’ असे विशेषण आहे. चैल म्हणजे वस्त्र, कुश म्हणजे दर्भ. ही दोन्ही सुगम. साधक अडतो तो ‘अजिन’ या पदापाशी. साक्षात श्रीकृष्ण भगवंतांनीच मृगचर्म सांगितले, तर अहिंसाधर्म पाळणाऱ्याने ते मिळवावे काय, ही शंका येथूनच उठते.

अमरकोश अजिन, चर्म व कृत्ति ही नावे एकत्र देतो. तरी व्यवहारात ती एक नव्हेत. अज म्हणजे बोकड, त्यावरून अजिन, अशी व्युत्पत्ती सांगतात. गृह्यसूत्रांत वैश्य बटूला बोकडाचेच अजिन सांगितले आहे. पुढे हा शब्द मृगाच्या, विशेषेकरून काळविटाच्या, केसांसहित राखलेल्या मऊ कातड्यास रूढ झाला. मोटेच्या किंवा वहाणेच्या चामड्यास कोणी अजिन म्हणत नाही. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी ‘मृगसेवडी’ असा गोड आणि आता लोपलेला शब्द आला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शंकराचार्य पदांचा क्रम उलटा लावून तळाशी कुश, मध्ये अजिन व वर वस्त्र घेतात. ज्ञानेश्वर कुश तळाशीच ठेवतात, पण मध्ये वस्त्र आणि वर मृगसेवडी घालतात. एका मते कातडे अंगाला लागते, दुसऱ्या मते लागतच नाही. एवढ्या थोर भाष्यकारांत जेथे क्रमाचाही मेळ नाही, तेथे विधीचा भार अजिनावर टाकणे युक्त नव्हे. ते पद ‘आसनम्’ याचे विशेषण होय. श्लोकाचा कटाक्ष शुचि देश आणि स्थिर आसन यांवर आहे, आणि लगेच पुढील श्लोकात मनाच्या एकाग्रतेवर. त्या काळी वनवासी साधकास जे मऊ आस्तरण सहज मिळे, त्याचे नाव तेथे आले. मृग मारून ते मिळवावे, असे त्यात एक अक्षरही नाही. (१९७२ च्या वन्यजीव अधिनियमाने काळविटास संरक्षण दिलेच आहे, पण साधकाने कायद्याच्या भयाने थांबावे, हे काही भूषण नव्हे.)

लीळाचरित्रातील सशाची लीळा याच संदर्भात पाहावी. पारध्यांचे कुत्रे मागे लागलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आसनापाशी धावत आला आणि त्यांच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी दिला नाही.