शिवी कोणाला लागते?

ख्रिस्ती माणसाने रोजच्या बोलण्यात शिव्या द्याव्यात का, असे विचारले तर बहुतेक मंडळ्यांत ठरलेले उत्तर मिळते: देऊ नयेत, ते असभ्य आहे. उत्तर बरोबर आहे, कारण मात्र तोकडे आहे. असभ्यपणा हा शिष्टाचाराचा प्रश्न, आणि शिष्टाचार गावागणिक, घरागणिक बदलतो. एका घरात सहज खपणारा शब्द दुसऱ्या घरात कानावर हात ठेवायला लावतो. नव्या करारात याकोबाने या प्रश्नाचे मूळ दुसरीकडे शोधले आहे. आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो जिभेविषयी लिहितो, पण कोणते शब्द घाणेरडे आणि कोणते चांगले याची यादी देत नाही. देवाची स्तुती करणारे तोंड देवाच्याच प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप देते, ही गोष्ट त्याला खुपते. म्हणजे शिवीचा दोष, ती ज्या माणसावर जाऊन पडते त्याच्याकडे पाहून ठरतो.

मराठीतल्या नेहमीच्या शिव्या या कसोटीवर लावून पाहाव्यात. गाडीला गाडी घासते, भांडण दोन पुरुषांचे होते, आणि तोंडातून निघते ती समोरच्याच्या आईबहिणीची अब्रू. त्या दोघी तिथे नसतात आणि त्यांनी कोणाचे काही बिघडवलेलेही नसते. नवरा गेलेल्या बाईला लावला जाणारा शब्द तर आपण सर्रास शिवी म्हणून वापरला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले ते अशाच बायकांना माणूस म्हणून उभे करण्यासाठी. शिव्यांची दुसरी मोठी रास जातींच्या नावांची आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवाचक शिवीगाळ करणे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. पण नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना हे कायद्याने शिकवायची गरज पडू नये. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे पूर्वज महार आणि मांग समाजांतून मंडळीत आले, तेव्हा हेच शब्द पिढ्यान्‌पिढ्या झेलून आले होते. प्रभुभोजनाला एका पंगतीत बसणाऱ्याने बाहेर पडून तेच शब्द दुसऱ्यावर फेकावेत, याला कोणतीच सबब पुरत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. येशूने परूश्यांना सापांची पिल्ले म्हटले, हेरोदाला कोल्हा म्हटले. सुंतेचा आग्रह धरून गलतीकरांना छळणाऱ्यांनी स्वतःला पुरतेच छाटून घ्यावे, इतक्या टोकाचे पौल लिहितो. मग आपल्यालाच बंदी का? या बोलण्याचा रोख पाहिला म्हणजे उत्तर मिळते. दुबळ्यांच्या खांद्यावर ओझी लादणाऱ्यांच्या वागणुकीवर ते उघडपणे ठेवलेले बोट होते. कोणाच्या आईवर, जन्मावर किंवा व्यंगावर ते घसरले नाही. ही मर्यादा सुटली की काय होते, ते मार्टिन ल्यूथरच्या लेखणीने दाखवून दिले. पोपवर तुटून पडलेली त्याची शिवराळ भाषा १५४३ साली यहुद्यांवर वळली, आणि जवळजवळ चारशे वर्षांनी नाझींनी ते लिखाण प्रचाराला वापरले. अन्यायावर संतापणे आणि माणसांचा अख्खा समूह तुच्छ ठरवणे यांतली रेघ शिवराळ तोंडाला दिसेनाशी होते.

दुसरा आक्षेप वेदनेचा. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शिवी उच्चारणाऱ्यांना बर्फगार पाण्यात हात जास्त वेळ ठेवता आला. नंतरच्या अभ्यासात असेही आढळले की ज्यांना रोज शिव्या द्यायची सवय आहे त्यांना हा फायदा कमी मिळतो. बोट चेमटल्यावर कळवळून निघालेला शब्द कोणावर रोखलेला नसेल, तर त्याला याकोबाच्या तक्रारीत ओढू नये. तिथे मंडळीने क्षमाशील असावे. मात्र हीच सवलत मैत्रीतल्या शिव्यांना लागू करता येत नाही. दोन मित्रांचे एकमेकांत चालत असेल, पण ज्या आईचे किंवा ज्या जातीचे नाव ते घेतात तिची संमती कोणी घेतलेली नसते.

ही कसोटी मानली तर ती शिवी न देणाऱ्यांनाही सोडत नाही. डोंगरावरील प्रवचनात येशू भावाला तुच्छ लेखून बोलणाऱ्यालाच दोषी धरतो. घरकामाच्या बाईचा शुद्ध, नेमस्त मराठीत पाणउतारा करणारा भाविक त्यातून सुटत नाही. म्हणून पाळकांनी तरुणांपुढे वर्ज्य शब्दांची यादी वाचू नये. हा शब्द नेमका कोणाला लागतो, हे विचारायला त्यांना शिकवावे. ख्रिस्ती माणसाने शिवी सोडावी ती तोंड स्वच्छ दिसावे म्हणून नव्हे. समोरच्या माणसाचा मान देवाने दिलेला आहे आणि तो काढून घेण्याचा हक्क आपल्याला नाही, म्हणून सोडावी.